पाचवा वाफा

कोळसा बत्तीस हजार बुशेल, दोन कोठारांत मिळून, आणि सगळा कोरडा. लोहमातीतली मळी काढायला कालवांचे शिंपले नव्वद टन. खाडीच्या होड्या ते मार्चअखेर टाकून गेल्या होत्या. साच्यांच्या लाकडी पेट्या दोनशे चौदा, त्यांतल्या अकरांचे कोपरे ढिले. शेगडीच्या पाट्यांचे नमुने सत्तेचाळीस, किटल्यांचे एकोणीस, पाण्याच्या नळांचे सहा. भाते दोन, दोन्हींना नवं कातडं. पाणचाक एक, व्यास चोवीस फूट, तुटलेली फळी एकही नाही. ओतारी बावीस. भट्टीवरची माणसं नऊ. माती खणणारे चौदा, त्यांतला एक आजारी. आणि लोहमाती चौसष्ट टन.

हा शेवटचा आकडा एलियाकिम क्रॅनमरने पाटीवर लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. १८४१ सालच्या एप्रिलची बारा तारीख होती, सोमवार. तळ्यावरचा बर्फ जाऊन तीन आठवडे झाले होते. त्याच्या वडिलांच्या काळापासून केझाया भट्टी एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी पेटायची आणि डिसेंबरात तळं गोठेपर्यंत विझायची नाही. म्हणजे हातात एक आठवडा होता.

भट्टीचा उस्ताद मॅगिल त्याच्या मागोमाग फिरत होता. त्याने पाटीत डोकावून पाहिलं.

"तुमच्या आईचं नाव आहे म्हणून जपून बोलतो, मालक. पण चौसष्ट टनांत केझायाबाईंची न्याहारीसुद्धा व्हायची नाही."

"आठवड्याला बेचाळीस टन," एलियाकिम म्हणाला. "मलाही भागाकार येतो, मॅगिल."

"मग येऊ द्या की माती. दहा दिवसांसाठी मी हिला पेटवणार नाही. आतल्या विटा एकदा तापून थंड झाल्या की तडकतात. एकदा पेटली की डिसेंबरपर्यंत, नाहीतर मुळीच नाही."

"उद्या पाचवा वाफा उघडतोय."

"हां, मग ठीक." मॅगिलने तंबाखू दुसऱ्या गालात सरकवली. "नाहीतर मला लीहायच्या खोऱ्यातून दुसऱ्यांदा निरोप आलाय. तिकडे आता दगडी कोळशावर भट्ट्या चालतात म्हणे. आपल्या डबल लोखंड, अर्ध्या माणसांत. मी सांगितलंय, सोमवारपर्यंत थांबा. माझी म्हातारी केझाया पेटली तर मी कुठं जात नाही."

एलियाकिम हसला. त्याला काळजी नव्हती असं नाही, पण जी होती ती कोळशाची आणि ढिल्या कोपऱ्यांची. पाचव्या वाफ्याची काळजी करायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. दर वर्षी उन्हाळा येतो याची काळजी कोण करतं?

पाइनच्या त्या रानात लोखंड ओढ्याकाठच्या पाणथळातून यायचं. पाण्यावर तांबूस साय धरते, ती काठाला बसते, घट्ट होते आणि तिचा दगड होतो. तो दगड खणून काढला की वाफा बंद करायचा, भोवती सीडरचं कुंपण घालायचं आणि वीस वर्षं झोपू द्यायचं. झोपलेल्या वाफ्यात कुणी पाय टाकायचा नाही. गुरं नाही, क्रॅनबेरी वेचायला बायका नाहीत, मालकसुद्धा नाही. हा नियम एलियाकिमच्या वडिलांनी घातला होता. त्यांनी पहिला वाफा वीस वर्षांनी पुन्हा उघडला, तेव्हा त्यात नऊ इंच जाड थर मिळाला होता. नऊ इंच! तेव्हापासून त्या रानात कुणी नियमाबद्दल ब्र काढला नव्हता.

पाचवा वाफा १८२० सालच्या हिवाळ्यात बंद झाला होता. साठ फूट रुंद, नऊशे फूट लांब. नऊ इंच थर मिळाला तर एक काय, सव्वा वर्ष भट्टी चालली असती. त्याच्यानंतर बंद झालेले चार वाफे त्याच ओढ्यावर एकाखाली एक झोपले होते. एलियाकिमने हिशोब करून ठेवला होता. त्याच्या मरणापर्यंत पुरेल आणि पुढच्याला उरेल इतकी माती होती.

मंगळवारी सकाळी सगळी वस्ती कुंपणापाशी जमली. एलियाकिमची बायको रोडा हिने सफरचंदाच्या दारूचं पिंप, मक्याची भाकरी आणि खारवलेलं डुकराचं मांस आणवलं होतं. खणणाऱ्यांचा म्हातारा मुकादम जॉब इस्टलो याने कुंपणाच्या दोन आडव्या बल्ल्या काढल्या आणि बाजूला झाला.

"चला धाकटे मालक," तो म्हणाला. एलियाकिम सत्तावन्न वर्षांचा होता, पण वडील जाऊन पंधरा वर्षं झाली तरी जॉबच्या तोंडी त्याचं नाव तेच होतं. "तुमच्या बाबांनी पहिलं फावडं मारलं, तेव्हा त्यांचा बूट आत राहिला होता. जपून."

एलियाकिमचा बूट आत राहिला नाही. चिखलच नव्हता. काटेरी जाळ्यांतून आत शिरल्यावर पायाखाली सुकी पानं चुरचुरली. मधोमध पुरुषभर उंचीचे पाइन उभे होते. त्याने फावडं घातलं. ते इतकं अलगद आत गेलं की एलियाकिम पुढे झुकला.

फावड्यावर पांढरी वाळू आली.

आता मालकाने बोटाला माती लावून जिभेवर ठेवायची आणि 'पिकली' म्हणायचं, मग सगळ्यांनी टोप्या उडवायच्या, अशी रीत होती. कुंपणापलीकडे दोनशे माणसं वाट बघत होती. पोरं खांद्यावर बसली होती. मॅगिलने टोपी आधीच हातात घेतली होती. एलियाकिमने बोट वाळूत बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. लोहमातीची चव शाईसारखी असते. हिला कसलीच चव नव्हती.

"पिकली," तो म्हणाला.

टोप्या उडाल्या. पिंपाची खुंटी काढली गेली. कुणीतरी फिडल वाजवायला लागलं. जॉब इस्टलो त्याच्या अगदी जवळ उभा होता. त्याची टोपी डोक्यावरच होती.

*

त्याच दुपारी, माणसं पिऊन सुस्त झाल्यावर, दोघांनीच खड्डे घ्यायला सुरुवात केली. लांबीत दर पन्नास फुटांना दोन, असे छत्तीस. प्रत्येक खड्डा तीन फूट खोल. जॉब खणायचा, मध्ये दम खायला थांबायचा, तेव्हा एलियाकिम खणायचा. बुधवारी संध्याकाळपर्यंत छत्तिसावा झाला. एकोणतीस खड्ड्यांत काही नव्हतं. सात खड्ड्यांत, वाळूच्या हातभर खाली, खापरीसारखा पातळ थर होता. सर्वांत जाड थर पाऊण इंच भरला.

"खालचे वाफे बघू," एलियाकिम म्हणाला.

"अजून उठायची वेळ नाही झाली त्यांची."

"जॉबकाका, खणा."

गुरुवारी त्यांनी खालच्या चारही वाफ्यांत खड्डे घेतले. आता कुंपणं कुणी उचकटून ठेवली नाहीत. त्यांनी नुसती ओलांडली. चारही वाफे सुके होते. कुठे बोटभर राखेसारखी धूळ, कुठे मुंग्यांची वारुळं. शेवटच्या वाफ्याच्या टोकाला जॉब खाली बसला आणि त्याने पाइप काढला.

"ओढा कुठाय?" एलियाकिम म्हणाला.

जॉबने पाइप पेटवला.

ओढा कुठे आहे हे एलियाकिमइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ओढा त्यानेच हलवला होता. १८२८ सालच्या ऑगस्टात पाणी आटलं आणि चाक सव्वीस दिवस थांबलं. त्या हिवाळ्यात त्याने पाऊण मैलाचा पाट खणून ओढ्याचं पाणी वरच्या वर उचललं आणि वाफ्यांना वळसा घालून थेट तळ्यात सोडलं. उतार त्याने स्वतः मोजला होता, शंभर फुटांना एक इंच. त्यानंतर बारा उन्हाळ्यांत चाक एक दिवसही थांबलं नव्हतं. शेजारच्या भट्ट्यांचे मालक घोड्यावरून पाट बघायला यायचे आणि तो त्यांना काठाकाठाने फिरवायचा.

तो उठून पाटाकडे चालू लागला. जॉब मागून आला. पाटाच्या बांधाला एका ठिकाणी बारीक गळती होती. पाणी बोटभर धारेने झिरपत खालच्या एका पडक्या फळीवरून वाहत होतं. फळी तांबडी झाली होती. एलियाकिमने नखाने खरवडलं आणि बोट जिभेवर ठेवलं. शाई.

"वाहतं पाणी लागतं हिला," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "पातळ, वाहतं, वाऱ्याला उघडं. साय पाण्यातूनच येते. आणि मी पाणीच..."

"हं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

जॉबने पाइप झाडला. "ठाऊक असं नाही. पाट खणताना मी तुम्हाला विचारलं होतं, ओढ्याचं काय? तुम्ही म्हणालात, ओढा रजेवर जाईल. सगळे हसले. मीही हसलो."

"नंतर?"

"नंतर सहा वर्षांपूर्वी आपल्या खणणाऱ्यांतला लिपिन्कॉट तुम्हाला सांगायला आला होता. वाफ्यात क्रॅनबेरी नाहीत, धूळ आहे म्हणाला. तुम्ही विचारलंत, तू आत गेलासच कसा? आणि त्याच आठवड्यात त्याला बायकामुलांसकट वस्तीबाहेर काढलंत. त्यावर मी काय बोलणार होतो? मलाही घर आहे, धाकटे मालक. पंचेचाळीस वर्षं त्याच घरात आहे."

एलियाकिम बांधावर बसून राहिला. पाटातलं पाणी त्याने आखून दिलेल्या उतारावरून, शंभर फुटांना एक इंच, चाकाकडे चाललं होतं.

*

त्या रात्री रोडाने घेवड्याची डाळ आणि काकवी पुढे ठेवली आणि समोर बसली. त्याने दोन घास घेतले.

"मंगळवारी तुम्ही पिकली म्हणालात," ती म्हणाली. "मी तुमचं तोंड बघत होते, मिस्टर क्रॅनमर. साखर म्हणून मीठ खाल्लेल्या माणसाचं असतं ना, तसं होतं."

"दोनशे माणसं होती समोर."

"म्हणूनच विचारते. ती दोनशे माणसं अजून पिकलीच समजून बसलीत. मॅगिलची बायको काल मला म्हणाली, यंदा खिडकीला नवा पडदा लावते. कधी सांगणार आहात?"

"बाहेरून माती आणता आली तर..."

"कुठून?"

त्याने चमचा खाली ठेवला. बाहेरची माती आणायला होड्या, बैल, रस्ता. इथे पोचेपर्यंत ती शेगडीच्या किमतीची झाली असती. हा हिशोब त्याने बुधवारीच करून पाहिला होता, आणि गुरुवारी पुन्हा, आणि दोन्ही वेळा उत्तर तेच आलं होतं.

"मी सांगितलं नाही," तो म्हणाला, "कारण सांगेपर्यंत भट्टी आहे. सांगितलं की नाही."

"भट्टी मंगळवारपासूनच नाही," रोडा म्हणाली. "तुम्ही फक्त माणसांना थांबवून ठेवलंय. लीहायला आधी पोचेल त्याला काम मिळेल. जो आठ दिवस उशिरा जाईल त्याच्या हातात काय? डाळ खा, थंड होते."

त्याने डाळ खाल्ली.

शुक्रवारी सकाळी त्याने ओतशाळेत सगळ्यांना बोलावलं. साच्यांच्या पेट्या भिंतीपर्यंत रचलेल्या होत्या. अकराही कोपरे एव्हाना कुणीतरी ठोकून पक्के केले होते. तो एका पेटीवर उभा राहिला आणि आकडे सांगितले. छत्तीस खड्डे, एकोणतीस रिकामे, पाऊण इंच. मग पाटाचं सांगितलं. ते सांगितल्यावाचून चाललं असतं, पण त्याने सांगितलं.

मग मागून एका ओताऱ्याने विचारलं, "मग मंगळवारी काय चाखलंत, मालक?"

कुणीतरी हसलं.

"वाळू," एलियाकिम म्हणाला.

मॅगिल पुढे आला. एलियाकिमला वाटलं होतं मॅगिल शिव्या देईल. मॅगिलने नुसतं विचारलं, "मला बुधवारी सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"काही नाही."

"लीहायला एकाच उस्तादाची जागा होती. काल आणखी एक चिठ्ठी आली. जागा भरली." त्याने टोपी डोक्यावर चढवली. "असो. ओतारी लागतीलच त्यांना. मीही साचे भरीन, पूर्वी भरायचोच की. पण एक सांगू? तुमचे वडील कडक होते. पण त्यांनी चव घेतली असती आणि माती कच्ची असती, तर ते कच्ची म्हणाले असते."

"तेव्हा कधी कच्ची निघालीच नाही," एलियाकिम म्हणाला.

"तेही खरंच," मॅगिल म्हणाला आणि बाहेर पडला.

पुढच्या तीन आठवड्यांत एक्केचाळीस घरांची धुराडी थंड झाली. बैलगाड्यांवर गाद्या, कोंबड्यांचे खुराडे आणि केझायाच्याच शेगड्या चढल्या. जाताना माणसं त्याला नमस्कार करायची. काहीजण करायची नाहीत. मॅगिलच्या बायकोने नवा पडदा काढून, घडी घालून रोडाच्या हातात दिला, "तुमच्याकडे राहू दे, तिकडे खिडक्या कशा असतील कोण जाणे." भाते सोडवले नाहीत. कातडं उंदरांनी खाल्लं.

*

मे महिन्यात एलियाकिमने पाटाचं तोंड फोडलं. जॉब सोबत होता. तो आता चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि चार फावड्यांनंतर टेकत होता.

"कुणासाठी चाललंय हे?" रोडा येऊन उभी राहिली होती. "भट्टी पेटवायला माणूस नाही. वीस वर्षांनी तुम्ही सत्त्याहत्तरचे."

"कुणासाठी नाही. ओढा होता तिथे परत जाऊ दे."

"आणि चाक?"

"चाकाला काय काम उरलंय?"

बांध खचला, पाणी एकदम खाली सुटलं आणि पाचव्या वाफ्यातल्या पाइनांच्या बुंध्यांभोवती फिरायला लागलं. अर्ध्या तासाने तिकडे तळ्यावर चाक हळू झालं आणि थांबलं. बारा वर्षं कानांत असलेला आवाज गेला, तेव्हा जॉब म्हणाला, "कान बसले वाटतं माझे."

एलियाकिमने सीडरची एक रंधलेली फळी आणली होती, एक फूट लांब, एक फूट रुंद. ती त्याने उथळ वाहत्या पाण्यात, पृष्ठभागाच्या जरा खाली, चार खुंट्यांवर बसवली आणि वर दगड ठेवले.

"वीस वर्षांत नऊ इंच," तो म्हणाला. "म्हणजे वर्षाला जवळजवळ अर्धा इंच. पुढच्या मे महिन्यात फळीवर अर्धा इंच साय बसली असेल, तर बाबांचा हिशोब बरोबर, आणि नुकसान केलं ते फक्त माझ्या पाटाने. मग कुणी ना कुणी येईल. आज नाही तर वीस वर्षांनी, इथे माती असेल. मी तसं लिहून ठेवीन."

जॉब फळीकडे बघत राहिला. "पहिला वाफा पहिल्यांदा खणला ना, तेव्हा मी तिशीत होतो. घाईत होतो आम्ही सगळे, वर लागलं तेवढं उचललं. किती खोल गेलो होतो, खाली किती राहिलं होतं, कुणी मोजलं होतं?"

"बाबांनी मोजलं असेल."

"असेल," जॉब म्हणाला.

तो हिवाळा जॉबला निघाला नाही. फेब्रुवारीत त्याला त्याच्याच घराच्या मागे पुरलं, वस्तीत उरलेल्या नऊ घरांतली माणसं आली होती. एलियाकिमने शवपेटीवर वाळू टाकली आणि बोट पुसलं.

१८४२ सालच्या मेची सोळा तारीख. एलियाकिम गुडघाभर पाण्यात उतरला. पाइन पिवळे पडायला लागले होते, वाफ्यात पुन्हा चिखल होता आणि त्याचा उजवा बूट आत राहिला. त्याने दगड काढले, फळी खुंट्यांवरून उचलली, आडवी धरून काठावर आणली आणि दोन दिवस सावलीत सुकू दिली. मग चारही कोपऱ्यांत आणि मधोमध पितळी पट्टी लावून थर मोजला आणि पाच मोजमापांची सरासरी काढली. रोडा पाटी घेऊन शेजारी उभी होती. त्याने आकडा सांगितला आणि तिने लिहून घेतला: जाडी, इंचाचा बारावा भाग. खाली तिने भागाकार केला: नऊ इंचांना एकशे आठ वर्षं.